कुत्रीचे वंध्यीकरण : वयाच्या प्रश्नाचा इतिहास

कुत्रीचे दोन्ही अंडाशय, व बहुधा त्यांबरोबर गर्भाशयही, शस्त्रक्रियेने काढून टाकून तिची प्रजननक्षमता कायमची नष्ट करण्याच्या क्रियेस वंध्यीकरण म्हणतात. कुत्री सामान्यतः सहा महिने ते एक वर्ष या वयात प्रथम माजावर येते. लहान चणीच्या जातींत हा काळ लवकर येतो, तर फार मोठ्या जातींत तो दीड ते दोन वर्षांपर्यंत लांबतो. शस्त्रक्रिया या पहिल्या माजापूर्वी करावी की नंतर, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला, तरी कुत्रीचे पुढील आयुष्यमान व आरोग्य त्यावर बरेच अवलंबून असते.

मादी जनावरांचे अंडाशय काढण्याची विद्या प्राचीन आहे. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी डुकरिणी, तसेच युद्धासाठी वापरावयाच्या सांडणी यांवरील अशा शस्त्रक्रियेचा उल्लेख केला आहे. यूरोपात शिकारी कुत्र्यांच्या ताफ्यातील माद्यांवर ती करीत; कारण एक कुत्री माजावर आली, तरी सबंध ताफ्याची शिस्त बिघडे. १५७५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या द नोबल आर्ट ऑफ व्हेनरी या मृगयाविषयक ग्रंथात माजावर असलेल्या कुत्रीस शस्त्र लावू नये, त्यात तिच्या जिवास धोका असतो, असा इशारा आढळतो. तो रास्तच होता. माजाच्या काळात जननेंद्रियांचा रक्तपुरवठा वाढलेला असतो व रक्तस्रावाचे भय अधिक असते. ईथर (१८४६) व क्लोरोफॉर्म (१८४७) यांचा शुद्धिहरणासाठी वापर आणि जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती (१८६७) यांमुळे पुढे उदराच्या शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या.

वयाच्या प्रश्नाला कलाटणी मिळाली ती १९६९ मध्ये. कॅलिफोर्नियातील श्नायडर, डॉर्न व टेलर या संशोधकांनी स्तनग्रंथींचा कर्करोग झालेल्या ८७ कुत्र्या आणि तो न झालेल्या तितक्याच कुत्र्या यांची तुलना केली. वंध्यीकरण न केलेल्या कुत्रीचा धोका १०० मानला, तर पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीत तो ०·५, एका माजानंतर ८ व दोन किंवा अधिक माजांनंतर २६ इतका आढळला. हे आकडे सापेक्ष आहेत. मात्र त्यांचा अर्थ ‘एका माजानंतर शंभरांतील आठ कुत्र्यांना कर्करोग होतो’ असा अनेकदा लावला गेला, आणि ही चूक लोकप्रिय पुस्तकांतून दीर्घकाळ टिकली. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमधील संशोधकांनी २०१२ मध्ये उपलब्ध संशोधनाची पद्धतशीर छाननी केली, तेव्हा लवकर वंध्यीकरणाने या कर्करोगास आळा बसतो याचा पुरावा दुर्बल असल्याचा निष्कर्ष निघाला. पुरावा दुर्बल असणे म्हणजे विधान खोटे ठरणे नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दरम्यान वय आणखी खाली आणण्याची निकड निराळ्याच कारणाने निर्माण झाली होती. अमेरिकेतील निवारागृहांत बेवारस कुत्र्यांची संख्या अतोनात वाढली होती. लॉस अँजेल्स नगरपालिकेने १९७१ मध्ये अल्प दरातील वंध्यीकरण चिकित्सालय उघडले. १९८७ मध्ये लीबरमन यांनी दोन महिन्यांच्या पिलांवरही शस्त्रक्रिया करण्याचा पुरस्कार केला व १९९३ मध्ये अमेरिकन व्हेटरिनरी मेडिकल असोसिएशनने ८ ते १६ आठवड्यांच्या वयातील वंध्यीकरणास पाठिंबा दिला. पिलू वंध्य करूनच नव्या मालकाच्या स्वाधीन करता यावे, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

तथापि अंडाशय हे केवळ प्रजननाचे इंद्रिय नव्हे. त्यांतून स्रवणाऱ्या हॉर्मोनांच्या प्रभावाने लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा योग्य वेळी बंद होतात. अंडाशय लवकर काढल्यास त्या उशिरा बंद होतात, असे १९९१ मधील प्रयोगांत दिसून आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या. वर्षाच्या आत वंध्यीकरण झालेल्या माद्यांपैकी सु. ८ टक्क्यांत गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेला आढळला; वंध्यीकरण न झालेल्यांत असे एकही उदाहरण नव्हते. याच संशोधकांच्या २०२० मधील ३५ जातींच्या अभ्यासात लहान जातींत मात्र सांध्यांच्या विकारांत अशी वाढ दिसली नाही. मूत्र आपोआप झिरपण्याच्या विकाराबाबत निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

शस्त्रक्रिया लांबविण्याचीही किंमत असते. स्वीडनमध्ये सरसकट वंध्यीकरणाची प्रथा नव्हती. तेथील विम्याच्या नोंदींनुसार (२००१) जवळजवळ एक चतुर्थांश कुत्र्यांना वयाच्या दहा वर्षांपर्यंत गर्भाशयात पू साठण्याचा विकार झाला. वेळीच उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनने २०१९ मध्ये मध्यम मार्ग सुचविला : प्रौढ वजन सु. २० किग्रॅ.पेक्षा कमी होणाऱ्या जातींत पाच-सहा महिन्यांच्या वयात, पहिल्या माजापूर्वी. त्याहून मोठ्या जातींत ५ ते १५ महिन्यांच्या दरम्यान, जात व परिस्थिती पाहून.

भारतात हा विचार पाळीव कुत्र्यांपुरताच लागू पडतो. भटक्या कुत्र्यांच्या वंध्यीकरणासाठी केंद्र शासनाने २००१ मध्ये नियम केले व त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. रस्त्यावरील कुत्री पुन्हा हाती लागेलच याची शाश्वती नसते. शिवाय एकेका विणीत अनेक पिले होतात. त्यामुळे अशा कुत्रीच्या बाबतीत सांध्यांच्या हितासाठी माजाची वाट पाहणे व्यवहार्य ठरत नाही.