चरित्रकार धनंजय कीर आणि त्यांचा स्वतंत्र व्यवसाय

भंडारी ज्ञातीचा पिढीजात धंदा माडाचा. 1878 च्या अबकारी कायद्याने तो सरकारी कराच्या कचाट्यात सापडला आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कित्येक घरांनी मुंबईची वाट धरली. मुंबईस जावयाचे ते नोकरीसाठी, हा समज तेव्हापासून आपल्यात दृढ झाला. त्यास अपवाद ठरलेल्या पुरुषांत भागोजीशेठ कीरांचे नाव सर्वतोमुखी आहे. बांधकामाच्या ठेकेदारीत त्यांनी लौकिक मिळविला आणि 1931 साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभारून दिले. परंतु विटा-चुन्यास गिऱ्हाईक नेहमीच असते. ग्रंथास ते शोधावे लागते. म्हणून दुसऱ्या कीरांची कथा अधिक मननीय वाटते.

अनंत विठ्ठल, म्हणजेच धनंजय कीर, यांचा जन्म 1913 साली रत्नागिरीस झाला. सावरकर तेथे 1924 पासून 1937 पर्यंत स्थानबद्ध होते. त्या भारलेल्या वातावरणात कीरांचे तारुण्य गेले. पुढे मुंबई महापालिकेत कारकुनी. विद्यापीठाची पदवी नाही, संशोधनसंस्थेचा आधार नाही. अशा मनुष्याने लेखणीवर संसार चालविण्याची उमेद धरावी, हे व्यवहारी माणसास वेडच वाटावे!

मराठीत चरित्रांचा तुटवडा नव्हता. न. चिं. केळकरांचे टिळकचरित्र घरोघरी होते. पण महाराष्ट्राबाहेरील वाचकाने आमची माणसे कोठे वाचावी? ही उणीव कीरांनी हेरली. इंग्रजी भाषा, चरित्र हा एकच प्रकार, आणि नायक बहुधा महाराष्ट्रीय. एवढीच आपली पेठ त्यांनी आखून घेतली व ती सोडली नाही. 1950 साली सावरकर, 1954 साली डॉ. आंबेडकर, 1959 साली टिळक, 1964 साली जोतीराव फुले. पहिली दोन चरित्रे निघाली तेव्हा त्यांचे नायक हयात होते. एक चूक झाली तरी खुद्द चरित्रनायकच ती दाखवून देणार. असे जोखीमीचे काम विद्वान प्राध्यापकही सहसा अंगावर घेत नाहीत. कीरांची भाषा कधी गौरवाकडे झुकते, हे खरे. तथापि परस्परांशी कडाक्याचे मतभेद असलेल्या पुरुषांची चरित्रे एकाच निष्ठेने लिहिणारा लेखक विरळाच. 1973 साली त्यांनी गांधीजींचेही चरित्र सिद्ध केले.

नोकरी सोडून त्यांनी लेखन हाच व्यवसाय केला, तो मात्र ग्रंथांना वाचक लाभू लागल्यावर. तोवर कचेरीचे तास सांभाळूनच मजकूर सिद्ध होत असे. 1923 साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात आणणारे आपले सी. के. बोले यांचेही चरित्र त्यांनी लिहिले. 1971 साली पद्मभूषण मिळाले. 1984 साली ते निवर्तले. त्यांच्या आंबेडकरचरित्राची मराठी आवृत्ती 1966 सालची. इंग्रजी न जाणणाऱ्या ज्या वाचकांस ते चरित्र सर्वांत जवळचे होते, त्यांच्या हाती ते बारा वर्षांनी पडले.