भुजंगधारीतील न सापडलेला ग्रह

सूर्यमालेबाहेरील ग्रहांचा इतिहास सांगणारे बहुधा १९९५ सालापासून आरंभ करतात. माझ्या मते तो १८५५ साली मद्रासच्या वेधशाळेतून करावयास हवा. कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे कंपनी सरकारच्या त्या वेधशाळेचे प्रमुख. त्यापूर्वी पुण्यास असताना, १८४५ ते १८४८ या काळात, त्यांनी २४४ जोडताऱ्यांचे वेध घेतले होते. भुजंगधारी समूहातील ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याची गती गणिताशी जुळेना, तेव्हा तेथे एखादा अदृश्य ग्रह असणे अतिशय संभवनीय आहे, असे त्यांनी लिहिले.

हा ग्रह खरा ठरला नाही. पुढे टी. जे. जे. सी यांनीही त्याच ताऱ्यापाशी अदृश्य सोबती कल्पिला. परंतु त्यांनी सांगितलेल्या कक्षेत असा तिसरा गोल टिकणारच नाही, हे मौल्टन यांनी १८९९ साली गणिताने दाखविले. जेकब तोवर हयात नव्हते. पुण्याजवळ डोंगरावर वेधशाळा उभारावी म्हणून स्वतः विकत घेतलेली नऊ इंची दुर्बीण योजून ते १८६२ च्या ऑगस्टात मुंबईस उतरले, आणि आठच दिवसांनी पुण्यास निवर्तले.

उणीव होती ती वेधांच्या सूक्ष्मतेत, तर्कात नव्हती. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो. वस्तुतः दोघेही सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात, म्हणून तारा किंचित डोलतो. मेयर व केलोझ यांनी १९९५ साली महाश्व समूहातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याचे हे डोलणे वर्णपटातील रेषांच्या सरकण्यावरून मोजले. निदान गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा तो ग्रह अवघ्या सव्वाचार दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो! ताऱ्याच्या इतक्या निकट एवढा वायुगोल घडणे कठीण. तो दूर घडून आत सरकला असावा, असे बहुतेकांनी मानले, आणि ग्रहजन्माची जुनी उपपत्ती नव्याने तपासावी लागली.

डोलण्यावरून वस्तुमान कळते, आकार नव्हे. आकार कळला १९९९ साली, त्याच समूहातील दुसऱ्या एका ताऱ्यापुढून त्याचा ग्रह गेला तेव्हा. ताऱ्याचे तेज शेकडा दीडाच्या आसपास उणावले. वस्तुमानास आकारमानाने भागले, तो घनता पाण्याच्या सुमारे एकतृतीयांश! अर्थात त्याच्या उदरात खडक थोडा. हायड्रोजन व हीलियमच फार. पुढे २००१ साली हबल दुर्बिणीने त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशात सोडियमची खूण ओळखली. ती अपेक्षेहून फिकी होती. वर उंचावर मेघांचा थर असावा, असा एक तर्क तेव्हाच निघाला.