मोरोक्को

मोरोक्को : आफ्रिका खंडाच्या वायव्य कोपऱ्यातील राजेशाही असलेला देश. अरबी नाव अल्-मग्रिब, म्हणजे मावळतीकडचा मुलूख. ‘मोरोक्को’ हे नाव युरोपीयांनी मराकेश या जुन्या राजधानीवरून पाडले. क्षेत्रफळ ४,४६,५५० चौ. किमी. (पश्चिम सहारा वगळून). लोकसंख्या ३ कोटी ६८ लाख (२०२४ ची जनगणना, पश्चिम सहाऱ्याच्या ताब्यातील भागासह). राजधानी राबात, सर्वांत मोठे शहर कॅसाब्लांका. अरबी व तमाझिग्त या राजभाषा; बाजारात व घरात दारिजा ही स्थानिक अरबी, तर कचेऱ्या, उद्योग व उच्च शिक्षण यांत फ्रेंच. चलन दिरहॅम. उत्तरेस भूमध्य समुद्र व जिब्राल्टरची सामुद्रधुनी, पश्चिमेस अटलांटिक महासागर, पूर्वेस व आग्नेयीस अल्जीरिया, दक्षिणेस पश्चिम सहारा. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी १४ किमी.च्या आसपास आहे. टँजिअरहून बोटीने तासाभरात स्पेन गाठता येते. एकच भाषा बोलणाऱ्या शेजारच्या अल्जीरियात मात्र रस्त्याने जाता येत नाही, कारण ती सीमा १९९४ पासून बंद आहे. किनाऱ्यावरील सेउता व मेलिया ही दोन शहरे आजही स्पेनकडे आहेत.

भूवर्णन : या देशाचा नकाशा समजून घ्यायचा तर आधी ॲटलास पर्वत पाहावा. नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे गेलेल्या त्याच्या तीन रांगा आहेत : दक्षिणेस अँटी-ॲटलास, मध्ये हाय ॲटलास आणि उत्तरेस मिडल ॲटलास. भूमध्य किनाऱ्यालगतचा रिफ हा पर्वत वेगळा. हाय ॲटलासमधील तूबकाल (४,१६७ मी.) हे साऱ्या उत्तर आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर. अटलांटिकवरून हिवाळ्यात येणारे ढग या रांगा अडवतात. त्यामुळे रिफच्या पश्चिम भागात वर्षाला १,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, आणि ॲटलास ओलांडून पलीकडे उतरले की तो २०० मिमी.च्याही खाली येतो. सह्याद्रीच्या पूर्वेस माण-खटावात राहणाऱ्याला ही पर्जन्यछाया वेगळी समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की तिथे ढगांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल असतो आणि डोंगरमाथ्यावर पावसाऐवजी बर्फ पडते. मिडल ॲटलासमधील इफ्रान येथे १९३५ साली नोंदलेले उणे २३.९° से. हे आफ्रिकेतील नीचांकी तापमान आहे.

हे बर्फ म्हणजे देशाची पाण्याची शिल्लक. ते वितळून सेबू, उम अर-रबिया, तेन्सिफ्त या नद्या पश्चिमेच्या मैदानांत उतरतात. मूलूया भूमध्य समुद्राला मिळते. द्रा ही सर्वांत लांब नदी, पण तिचे पाणी वाळवंटाच्या कडेला जिरते आणि समुद्रापर्यंत क्वचितच पोचते. तिच्या काठाने खजुराच्या बागा व मातीच्या तटबंदीची गावे आहेत. अशा गावांना क्सार म्हणतात. त्यांतील ऐत बेनहद्दू हे १९८७ पासून जागतिक वारसास्थळ आहे. ओअॅसिसमध्ये पाणी आणायची जुनी रीत म्हणजे खेत्तारा : डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणायची, तिथून हलक्या उताराचा भुयारी पाट काढायचा आणि दर काही अंतरावर हवा-उजेडासाठी व गाळ उपसण्यासाठी उभे झरोके ठेवायचे. पाणी कुठेही न उपसता आपोआप शेतात येते. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरीची रचना याच जातीची. नदीकाठच्या पंपांनी भूजल खाली नेल्यावर मोरोक्कोतील अनेक खेत्तारा कोरड्या पडल्या. पाण्याचे वाटप घटकांवर ठरवणारी गावकी त्यांच्याबरोबर मोडली, आणि हे नुकसान कोणत्याही हिशेबात येत नाही.

नैर्ऋत्येस सूस खोऱ्यात अर्गान हे काटेरी झाड वाढते. ते निसर्गतः इथे आणि सीमेपलीकडच्या अल्जीरियाच्या लहानशा पट्ट्यातच सापडते. शेळ्या त्याच्यावर चढून फळे खातात, बायका आतले कठीण बी दगडाने फोडून तेल काढतात, आणि झाडाची खोल मुळे वाळवंटाला थोपवून धरतात.

हा प्रदेश भूकंपाचाही आहे. २९ फेब्रुवारी १९६० रोजी अगादीर शहर काही सेकंदांत जमीनदोस्त होऊन सुमारे १२,००० माणसे दगावली. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री हाय ॲटलासमध्ये ६.८ परिमाणाच्या धक्क्याने २,९०० हून अधिक बळी घेतले. मेलेले बहुतेक डोंगरातल्या वाड्यांचे रहिवासी होते. दरडींनी घाटरस्ते बंद झाल्याने कित्येक ठिकाणी मदत पोचायला दिवस लागले.

इतिहास : मूळ रहिवासी अमाझिग, परकीयांनी त्यांना बर्बर म्हटले. सातव्या-आठव्या शतकांत अरब व इस्लाम आले. आठव्या शतकाच्या अखेरीस इद्रिस घराण्याने फेज वसवले. तिथल्या करावीन मशिदीची व विद्यापीठाची स्थापना परंपरेनुसार ८५९ ची, फातिमा अल्-फिहरी या स्त्रीच्या नावावर. पुढची अल्मोराव्हिद व अल्मोहाद ही घराणी डोंगर आणि वाळवंट यांतून उठलेली. त्यांनी मराकेश येथून स्पेनपर्यंत राज्य केले. मरीनी घराण्याच्या काळात टँजिअरचा इब्न बतूता (जन्म १३०४) जग पाहायला निघाला. तो दौलताबाद व नंदुरबार येथेही राहून गेला. मराठ्यांचे कसबी कारागीर, वैद्य व ज्योतिषी, आणि त्यांचे भात, भाजी व तिळाचे तेल असे साधे जेवण यांची नोंद त्याने करून ठेवली आहे. मरीनी सुलतानाच्या सांगण्यावरून हा प्रवासवृत्तान्त फेजमध्ये लिहून घेतला गेला. मराठी माणसांविषयी परदेशी माणसाने लिहिलेल्या जुन्या मजकुरांत त्याचे स्थान मोठे आहे.

सतराव्या शतकापासून अलावी घराणे गादीवर आहे. ३० मार्च १९१२ च्या फेज तहाने बहुतेक देश फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला. उत्तरेचा रिफ व दक्षिणेची पट्टी स्पेनकडे गेली. रिफमध्ये अब्द अल्-करीम याने १९२१ साली अन्वाल येथे स्पॅनिश सैन्याचा दारुण पराभव केला. त्याचे प्रजासत्ताक मोडायला फ्रान्स व स्पेन यांना १९२६ पर्यंत मिळून लढावे लागले. फ्रेंचांनी १९५३ मध्ये सुलतान पाचवे मुहम्मद यांना हद्दपार केले आणि त्यामुळेच ते राष्ट्रनायक झाले. देश २ मार्च १९५६ रोजी स्वतंत्र झाला.

राज्यव्यवस्था : इथल्या राजसत्तेला लोक मखझन म्हणतात. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ कोठार. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात ज्याच्याकडे धान्य साठवलेले त्याच्याकडे सत्ता, हे या एका शब्दात आले. मैदानातील जमाती कर भरत, तो ‘मखझनचा मुलूख’. डोंगर व वाळवंटातील जमाती सुलतानाला धर्मप्रमुख मानत पण कर देत नसत, तो ‘सिबाचा’ म्हणजे बंडाचा मुलूख. फ्रेंच काळात याच रेषेला ‘उपयोगी मोरोक्को’ असे उघड नाव मिळाले : पाऊस, फॉस्फेट व बंदरे असलेला पश्चिमेचा पट्टा तेवढा उपयोगी. लोहमार्ग, शाळा, इस्पितळे तिथेच उभी राहिली. २०२३ च्या भूकंपात ज्या वाड्यांना रस्ता नव्हता त्या या रेषेच्या पलीकडच्या होत्या. मोरोक्कोच्या राजकारणातला हा जुना अन्याय अजून भरून निघालेला नाही.

आजचे राजे सहावे मुहम्मद जुलै १९९९ मध्ये गादीवर आले. २०११ मध्ये अरब देशांत उठलेल्या लाटेत इथेही मोर्चे निघाले. राजाने तत्परतेने नवी राज्यघटना पुढे केली व १ जुलै २०११ च्या सार्वमताने ती मंजूर झाली. तिच्यानुसार सर्वाधिक जागा मिळवणाऱ्या पक्षातूनच पंतप्रधान नेमणे राजाला बंधनकारक आहे. अमाझिगांच्या तमाझिग्त भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि तिची तिफिनाग लिपी शाळा व सरकारी पाट्यांवर आली. प्रतिनिधिगृहात ३९५ सदस्य पाच वर्षांसाठी थेट निवडून येतात. १२० सदस्यांचे वरिष्ठ सभागृह अप्रत्यक्ष निवडणुकीचे. २०१५ पासून देशाचे १२ प्रांत आहेत व त्यांच्या परिषदा निवडून येतात, पण राजाने नेमलेला वली त्यांच्यावर असतो. सैन्य, धर्म व मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद राजाकडे. ‘श्रद्धावंतांचा सेनापती’ ही त्याची पदवी घटनेतच आहे. म्हणजे निवडणुका खऱ्या आहेत, पक्ष खरे आहेत, पण मोठे निर्णय राजवाड्यात होतात. या पदवीच्या अधिकाराने २००४ मध्ये मुदव्वना हा कुटुंबकायदा बदलून मुलींच्या विवाहाचे वय १८ वर नेले गेले, हेही नमूद करायला हवे. न्यायाधीशांच्या परवानगीची पळवाट मात्र त्यात राहिली.

पश्चिम सहारा : या स्पॅनिश वसाहतीवर हक्क सांगण्यासाठी राजे दुसरे हसन यांनी ६ नोव्हेंबर १९७५ रोजी साडेतीन लाख नि:शस्त्र नागरिकांचा ‘हरित मोर्चा’ काढला. या प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारियो आघाडीने स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले आणि १९९१ च्या शस्त्रसंधीपर्यंत युद्ध चालले. ठरलेले सार्वमत कधीच झाले नाही. बहुतांश प्रदेश वाळूच्या लांबलचक तटाआड मोरोक्कोच्या ताब्यात आहे. तिथल्या सहरावी लोकांपैकी निर्वासित झालेल्यांची तिसरी पिढी अल्जीरियातील तिंदूफच्या छावण्यांत वाढते आहे. २००७ पासून मोरोक्को स्वायत्ततेचा प्रस्ताव मांडतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने या प्रदेशावरचे मोरोक्कोचे सार्वभौमत्व मान्य केले. भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, ती २००० मध्ये काढून घेतली.

आर्थिक स्थिती : जगातील ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को व पश्चिम सहाऱ्यात आहेत. खतातील स्फुरद या खडकातून येतो आणि त्याला दुसरा पर्याय नाही. म्हणून या देशाचे जगाच्या शेतीतले वजन त्याच्या आकाराहून कितीतरी मोठे आहे. उत्खनन १९२० साली स्थापन झालेल्या ओसीपी या सरकारी कंपनीकडे आहे. खुरिब्गा हे मुख्य खाणक्षेत्र. तिथला खडक पूर्वी आगगाडीने जाई; २०१४ पासून तो पाण्यात कालवून १८७ किमी. लांबीच्या नळातून जोर्फ लासफर बंदरावर पोचतो व तिथे त्याचे फॉस्फोरिक आम्ल व डीएपी खत होते. भारत या मालाचा मोठा गिऱ्हाईक आहे. जोर्फ लासफर येथील इमासिद कारखान्यात चंबळ फर्टिलायझर्स व टाटा केमिकल्स भागीदार आहेत. झुआरी समूह व ओसीपी यांच्या संयुक्त कंपनीची मालकी असलेल्या पारादीप फॉस्फेट्सने २०२२ मध्ये गोव्यातील झुआरीनगरचा जुना खतकारखाना घेतला. सोलापूर-सांगलीकडचा शेतकरी पेरणीच्या आधी डीएपीसाठी रांगेत उभा राहतो, तेव्हा त्या गोणीतला काही अंश खुरिब्ग्याच्या पठारावरचा असू शकतो.

गेल्या दोन दशकांत मात्र निर्यातीतले पहिले स्थान फॉस्फेटकडून मोटारींकडे गेले. टँजिअरजवळ रेनोचा कारखाना २०१२ मध्ये, केनित्रा येथे प्यूजोचा २०१९ मध्ये सुरू झाला. त्यामागे २००७ मध्ये खुले झालेले टँजिअर-मेद बंदर आहे. २०२४ मध्ये तिथे वीस फुटी मापाने एक कोटीहून अधिक कंटेनर हाताळले गेले. टँजिअर-कॅसाब्लांका मार्गावर २०१८ पासून ताशी ३२० किमी.पर्यंत वेगाने धावणारी अल्-बोराक ही आफ्रिकेतील पहिली अतिजलद रेल्वे. तेल-वायू जवळजवळ नसल्याने इंधन आयात करावे लागते. म्हणून वर्झाझात येथील नूर सौरप्रकल्प (५८० मेगावॉट) व अटलांटिक किनाऱ्यावरील पवनचक्क्या. पर्यटनाला २०२४ मध्ये १ कोटी ७४ लाख पाहुणे आले. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्समध्ये गेलेले मोरोक्कन दरवर्षी शंभर अब्ज दिरहॅमहून अधिक रक्कम घरी पाठवतात. रिफमधील कित्येक गावे या पैशावर उभी आहेत.

तरीही २०२४ मध्ये बेकारी १३ टक्क्यांच्या वर होती आणि तरुणांत ती कितीतरी अधिक. २०३० ची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा स्पेन व पोर्तुगालबरोबर मोरोक्कोत व्हायची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अगादीरच्या एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे मृत्यू झाल्यावर ‘जेन-झी २१२’ या नावाने तरुण रस्त्यावर उतरले : मैदाने दिसतात, दवाखाने कुठे आहेत, हा त्यांचा प्रश्न होता.

शेतीवर मोठी लोकसंख्या अवलंबून आहे आणि शेती पावसावर. दुसरे हसन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दहा लाख हेक्टर ओलिताखाली आणण्याचे ठरवून धरणांचा सपाटा लावला. वर्घा नदीवरील अल्-वहदा हे त्यांतले सर्वांत मोठे. धरणांमुळे टोमॅटो, संत्री, अलीकडे स्ट्रॉबेरी व ॲव्होकॅडो युरोपला जाऊ लागले, पण गहू आयात करावाच लागतो. २०१८ नंतर सलग सहा वर्षे अवर्षण पडले. चारा संपला, मेंढ्यांची संख्या २०१६ च्या तुलनेत एक तृतीयांशाहून अधिक घटली, आणि २०२५ च्या बकरी ईदला कुर्बानी करू नये असे आवाहन राजाने केले. १९९६ च्या दुष्काळात त्यांचे वडील दुसरे हसन यांनीही तेच केले होते.

उपाय म्हणून सेबूचे जादा पाणी राबातच्या धरणात वळवणारा ६७ किमी.चा कालवा २०२३ मध्ये झाला. अगादीरजवळच्या श्तूका येथे समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना २०२२ पासून चालू आहे. त्याचे पाणी शहर आणि टोमॅटोची प्लास्टिकगृहे वाटून घेतात. कॅसाब्लांकासाठी याहून कितीतरी मोठ्या कारखान्याचे काम २०२४ मध्ये सुरू झाले. हे पाणी महाग आहे. निर्यातीचा बागायतदार त्याचे पैसे मोजू शकतो. शाविया व हौझच्या मैदानांत गहू-सातू पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत ते पोचत नाही. नोव्हेंबरात तो नांगर धुऊन पुसून ठेवतो आणि पहिल्या पावसाची वाट पाहतो.