‘समतोल’ या संज्ञेचा पूर्वेतिहास

वैद्यकीय प्रवेशासाठीची ‘नीट’ परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. त्या परीक्षेसाठी रसायनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ‘रासायनिक समतोल’ हे शब्द येतात, आणि त्यांसरशी तराजूची दोन निश्चल पारडी डोळ्यांपुढे उभी राहतात. समतोल साधला म्हणजे दोन्ही बाजूंची द्रव्ये समप्रमाणात असतात व विक्रिया थांबते, हे दोन्ही गैरसमज या चित्रास पोषक आहेत. भाषांतरकारास मात्र दोष देता येत नाही. मूळ लॅटिन शब्दही ‘सम’ आणि ‘तुला’ या अर्थांच्या घटकांचाच बनलेला आहे.

नेपोलियनच्या मोहिमेबरोबर १७९८ साली इजिप्तमध्ये गेलेल्या बेर्तोले याला नेट्रॉन सरोवरांच्या काठी सोड्याचे थर आढळले. प्रयोगशाळेत सोडा व कॅल्शियम क्लोराइड यांपासून कॅल्शियम कार्बोनेट व मीठ मिळते. येथे विपुल मीठ व चुनखडी यांपासून उलट सोडा तयार झाला होता. विक्रियेची दिशा केवळ द्रव्यांच्या परस्पर आसक्तीने ठरत नसून त्यांच्या राशीनेही ठरते, हे अनुमान त्याने काढले. त्याच्या १८०३ मधील ग्रंथाचे नाव ‘रासायनिक स्थितिशास्त्र’ अशा अर्थाचे आहे. संयुगातील घटकांचे प्रमाणही बदलते, असा त्याचा आग्रह होता. त्या वादात प्रूस्त विजयी ठरला आणि बेर्तोलेचा ग्राह्य विचारही मागे पडला.

पुढे बेर्तलो (हा बेर्तोलेहून वेगळा) व पेआं द सें-झील यांनी १८६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अ‍ॅसिटिक अम्ल व अल्कोहोल यांवर प्रयोग केले. दोहोंचा एकेक रेणुभार घेतला असता सुमारे दोन तृतीयांश भागाचेच एस्टर बनते. एस्टर व पाणी यांपासून आरंभ केला तरी मिश्रण त्याच प्रमाणाशी येऊन ठेपते. या आकड्यांवरून समतोल स्थिरांक ४ येतो. पारडी सम नाहीत, तरीही समतोल आहे!

अशाच प्रयोगांच्या आधारे गुल्डबेर्ग व वॉगे या मेहुण्यांनी आपला नियम १५ मार्च १८६४ रोजी ख्रिस्तियानिया (आजचे ऑस्लो) येथे मांडला. परंतु नॉर्वेजियन भाषेत. १८६७ च्या फ्रेंच निबंधाकडेही फारसे कोणी पाहिले नाही. १८७७ मध्ये व्हान्ट हॉफ स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षास पोहोचला, आणि १८७९ च्या जर्मन लेखानंतरच मूळ कर्त्यांना श्रेय लाभले. भाषेच्या आडोशाने नियम पंधरा वर्षे झाकला जावा, ही गोष्ट भाषाभ्यासकांस तरी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

शिवाय १८६४ चा नियम परस्परविरोधी बलांच्या तोलाचा होता, म्हणजे तराजूचे रूपक त्यातही होतेच. दोन्ही दिशांचे वेग समान होतात ही कल्पना विल्यमसनने १८५० मध्येच सुचविली होती. तिला चिन्ह मिळाले ते १८८४ मध्ये. व्हान्ट हॉफने आपल्या ग्रंथास ‘रासायनिक गतिशास्त्र’ अशा अर्थाचे नाव दिले आणि बरोबरीच्या चिन्हाऐवजी परस्परविरुद्ध दिशांचे दोन बाण योजिले. त्याच वर्षी ल शातलिए याचे तत्त्वही प्रसिद्ध झाले. अ‍ॅसिटिक अम्लाच्या त्या मिश्रणात दोन तृतीयांशावर स्थिरावते ते केवळ प्रमाण. एस्टर बनणे व विघटन पावणे अखंड चालूच असते.