पटरीच्या कडंकडंनं

जपानच्या गोतो बेटांपैकी फुकुए बेटावरचं दोझाकी चर्च लाल विटांचं आहे, 1908 सालचं. चपला बाहेर काढून आत गेलो तेव्हा क्षणभर वऱ्हाडातल्या आमच्या खामगावातच असल्यासारखं वाटलं. एरवी साम्य कसलं! आम्ही अलायन्स मिशनचे प्रॉटेस्टंट. हे कॅथलिक, आणि तेही अडीचशे वर्षं लपून राहिलेल्यांच्या वंशजांचं. ख्रिस्ती धर्मावरच्या बंदीच्या त्या काळात पाद्री उरले नव्हते. म्हाताऱ्यांनी प्रार्थना पोरांकडून पाठ करून घेतल्या. मरियेची पूजा कन्नोन या बौद्ध देवीच्या मूर्तीआडून चाले. 1873 मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षीचा नाताळ या किनाऱ्यावर उघड्यावर साजरा झाला.

चर्च अर्पण केलंय ते 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या 26 जणांना. त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सियाही आहे. ते आठवून मी उगाचच जरा ताठ झालो. खरं तर आमच्या घराण्याचं नातं हुतात्म्यांशी नाही, भुकेशी.

आजी सांगायची. तिची आई सात-आठ वर्षांची असताना, 1899-1900 च्या दुष्काळात, वऱ्हाडात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. कापसाच्या गाठी नेण्यासाठी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा 1870 मध्येच पडला होता. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पण दुष्काळाच्या त्या साली खामगावच्या वाटेवर गाठींपेक्षा हाडं जास्त, असं आजी म्हणे. "माय पटरीच्या कडंकडंनं आली, धाकट्या भावाले कडीवर घेऊन. भाऊ वाटंतच गेला." मिशनच्या मडमेनं तिला ठेवून घेतलं, पेज पाजली, पुढे शिवणकाम शिकवलं.

'पोटासाठी बाटले' हा टोमणा मीही शाळेत ऐकलाय. घरी येऊन रडलो तर आजी म्हणाली, "म्हनू दे. त्या टायमाले कोनी खाऊ नसतं घातलं, तं तू कुठून आला असता?" मला तेव्हापासून धर्मांतरावरचे मोठमोठे वाद जरा पोकळच वाटत आलेत.

गोतो बेटांवरही हे अनाथांना जवळ करणं घडलंच होतं. चर्चची वीट रचण्याच्या कितीतरी आधी, 1880 च्या सुमारास, मारमां नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं इथे टाकून दिलेल्या तान्ह्या पोरांना आसरा दिला होता. दोझाकीच्या इतिहासात मला जवळचं वाटलं ते हेच.

आणि दुसरी ती कन्नोन. कारण पणजी दर रविवारी चर्चला जायची, बायबल वाचायची, पण आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मेलेल्यांच्या नावानं चुलीमागे एक लहानशी घागर भरून ठेवायची. एक आईसाठी, आणि तिच्याशेजारी एक गडू भावासाठी. मडमेला ते कधी कळलं नाही. आजीनंही पुढे तेच केलं, आणि पाद्री घरी आले की गडूवर फडकं टाकायची.