मोळी, खडी आणि आठ आणे

परवा गटाच्या बैठकीत एक सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर पाटी होती. काय झालं आम्हाला?" सगळ्या हसल्या. पण ज्यांना झालं, त्या सांगायला बैठकीत कुठून येणार? आज त्यांच्याच बाजूनं थोडं मागचं बोलते.

मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातल्या, घाटावरच्या बाया कामाला होत्या. दिवसभर उभं राहून सूत गुंडाळायचं. घरी बसलं की मजुरी बंद, म्हणून कळा सुरू होईपर्यंत काम चालायचं. 1919 साली जगभरच्या देशांच्या कामगार परिषदेत ठरलं, की बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे विश्रांती असावी. आपल्याकडे लगेच काही हाललं नाही.

1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सभासद होते, ते बाजूनं बोलले. त्यांचं म्हणणं असं, की आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळण्यात देशाचं हित आहे. खर्चाचा बराच भार सरकारनं घ्यावा, पण मालकानंही काही उचलावा, कारण बाया कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो. पुढच्याच वर्षी कायदा झाला. मुंबईत दिवसाला आठ आणे भत्ता! आज हसू येईल, पण घरी बसून मजुरी ही गोष्टच तेव्हा नवी होती.

मात्र कायदा कारखान्यापुरता. शेतातली, बांधावरची बाई त्यात नव्हतीच.

1972 चा दुष्काळ तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल. माझी आत्या सातव्या महिन्यात खडीच्या कामावर होती. मजुरी मापावर, म्हणजे बसलं की पैसे कमी. तिच्या टोळीतल्या बायांनी आपसात ठरवलं: हिनं बसून फोडायचं, घमेली आम्ही वाहू, माप सगळ्यांचं एकच. मुकादमाला कुणी विचारलं नाही. आत्या हे सांगताना अजून त्या बायांची नावं घेते.

तेव्हा देशाचा 1961 चा कायदा होता. त्यात एक कलम होतं, फार कुणाला ठाऊक नसायचं. बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांच्याही मागचा एक महिना, बाईनं मागणी केली तर तिला जड काम, फार वेळ उभं राहण्याचं काम द्यायचं नाही. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना भरपगारी रजा 26 आठवडे झाली. पण मागणी कुणाकडे करायची, तर मालकाकडे. आणि ऊसतोडीत मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या वहीकडे. नवराबायको मिळून एक कोयता. तिनं खाडा केला तर दंड दोघांचा. म्हणून ती पोटावर पदर आवळून मोळी डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकवर चढते.

चालणं, घरचं हलकं काम यानं सहसा बिघडत नाही, उलट बरं असतं. जड ओझं, तासन्‌तास उभं राहणं, उन्हात पाण्याविना राबणं यानं दिवस भरायच्या आत कळा येण्याचा, बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. रक्त दिसलं, पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली तर फडावर थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

दसऱ्यानंतर आपल्याही गावच्या टोळ्या निघतील. कुणाला कितवा महिना आहे, हे निघण्याआधी गटात विचारून घ्या. मोळी कोण उचलणार, ते गाडीत बसण्याआधी ठरू द्या.