ऑटोफोकस, झूम लेन्समधील

केंद्रांतर बदलता येणाऱ्या लेन्समधून दिसणारी प्रतिमा कॅमेऱ्याने स्वतःच सुस्पष्ट करण्याची क्रिया (→ छायाचित्रण; भिंग).

३५ मिमी. एसएलआरमध्ये ती प्रथम पेंटॅक्स एमई एफ (१९८१) या कॅमेऱ्यात आली. त्याच्या ३५–७० मिमी. झूमची मोटर व बॅटऱ्या लेन्समध्येच असल्याने ती बोजड होती. मिनोल्टाने १९८५ मध्ये मोटर कॅमेऱ्यात नेली.

स्थिरचित्रणाच्या अनेक झूम लेन्समध्ये केंद्रांतर बदलताच फोकस सरकतो. म्हणून आधी झूम, मग फोकस हा क्रम पाळतात. (सिनेलेन्समध्ये तो सहसा टिकतो.) डीएसएलआरमध्ये फोकस मापणारा कलाभेद संवेदक आरशाखाली, प्रतिमा संवेदकापासून वेगळा असतो. दोघांच्या लेन्सपासूनच्या अंतरात किंचित तफावत असली, तर फोकस पुढे वा मागे पडतो. ७० मिमी.ला ही चूक खपून जाते. २०० मिमी., एफ/२.८ वर मात्र दोन मीटरवरील चेहऱ्याची क्षेत्रखोली पूर्णचौकट कॅमेऱ्यात सु. दीड सेंमी. उरते, डोळ्याऐवजी कानाची पाळी स्पष्ट येते. कॅनन ५डी मार्क ३ (२०१२) मध्ये झूमच्या दोन्ही टोकांना वेगळी दुरुस्ती नोंदवता येते.

मिररलेस कॅमेऱ्यांत मापन प्रतिमा संवेदकावरच होत असल्याने ही तफावत बहुतांशी उद्भवत नाही (→ प्रतिमा संवेदक).